ट्रूडोसच्या घाटातली स्टाफ बस

माझ्या बाबांनी तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून नागपूरला आणि नागपूरहून कोराडीला स्टाफ बस चालवली. एवढ्या वर्षांत घाट म्हणून त्यांच्या वाट्याला आला तो एक रेल्वेचा उड्डाणपूल. त्यावर चढताना ते इतक्या थाटात गियर बदलायचे की मागं झोपलेले लोक जागे व्हायचे. बाकी सगळा रस्ता पोळपाटासारखा सपाट. पुढं कोळशाचा ट्रक, मागं कोळशाचा ट्रक, मध्ये बाबा, आणि बाबांच्या मनात घाट.

रिटायर झाल्यावर आम्ही नागपुरात प्रताप नगरला राहायला आलो आणि बाबांच्या हातात स्मार्टफोन आला. मग रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून ते जगभरातल्या घाटांचे व्हिडिओ बघू लागले. उजव्या हातात फोन, डाव्या हातात टीव्हीचा रिमोट. रिमोट म्हणजे गियर. वळण आलं की बाबा कलायचे. शेजारी बसलेली आईपण नकळत कलायची आणि मग तिला मळमळायचं. शेवटी ती त्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली.

खऱ्या घाटात आम्ही गेलो होतो एकदाच, चिखलदऱ्याला, तेही एसटीनं. बाबा ड्रायव्हरच्या बरोबर मागं बसले आणि पहिल्या वळणापासून त्यांचं 'सेकंड टाका, सेकंड' सुरू झालं. चौथ्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि त्यांना सगळ्यात मागच्या सीटवर पाठवलं. तो अपमान ते अजून विसरलेले नाहीत. मीही नाही, कारण सोबत म्हणून मलाच मागं जावं लागलं होतं.

तर अशा या बाबांनी गेल्या वर्षी शेजारच्यांच्या गेटच्या खांबाला आमची गाडी ठोकली. खांब चुकीच्या जागी बांधलाय, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन महिन्यांनी त्यांनी तोच खांब पुन्हा ठोकला. या वेळी म्हणे खांब सरकला. मी बँकेत काम करते. दोन विधानं एकमेकांशी जुळली नाहीत की मला चैन पडत नाही. मी भावाला फोन केला. गाडी विकून टाकावी यावर आमचं लगेच एकमत झालं. बाबांना ते सांगायचं कोणी, यावर मात्र तीन महिने एकमत झालं नाही. तो म्हणे, तू मोठी आहेस. मी म्हणे, तू लाडका आहेस.

भाऊ सायप्रसला नोकरी करतो. भूमध्य समुद्रातलं बेट आहे ते. मे महिन्यात नागपूर भाजून निघायला लागलं तसे आम्ही तिघं त्याच्याकडं गेलो. तोडगा त्यानंच काढला. बेटाच्या मधोमध ट्रूडोस नावाचा पहाड आहे, घाट म्हणाल तेवढे आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून.

"एक दिवस बाबाले चालवू दे," तो मला गॅलरीत नेऊन म्हणाला. "तू बाजूले बस अन् नीट पाह्य. संध्याकाळी मले सांग, पास का नापास. पास झाले तर गाडी राहू दे. नापास झाले तर नागपूरले गेल्याबरोबर विकून टाकू."

बाबांना आम्ही एवढंच सांगितलं की उद्या तुम्हाला घाट चालवायचा आहे. ते उठून तडक आंघोळीला गेले. दुपारचे चार वाजले होते.

खरं सांगायचं तर मला ते नापास व्हायला हवे होते. म्हणजे सांगण्याची कटकट संपली असती. दोष घाटाचा, माझा नाही.

सकाळी भाड्याची गाडी आली. भाड्याच्या गाड्यांना तिथं लाल नंबरप्लेट असते, का तर इतरांनी जरा जपून राहावं. बाबांनी ती पाहिली आणि ताठ झाले. "लाल पट्टी मोठ्या माणसाच्या गाडीले असते," म्हणाले. मग चाकांखाली ठेवायला त्यांनी लिंबं मागितली. भावानं अंगणातल्या झाडाची चार तोडून दिली. पण तिथलं लिंबू म्हणजे मोसंबीचा मोठा भाऊ. गाडी त्यावर चढेचना. बाबांनी फर्स्ट टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, चारही लिंबं एकदम फुटली आणि आम्ही ढेकूळ ओलांडल्यासारखे उडालो. दारात उभी आई म्हणाली, "म्हणून मी नाही येऊन राहिली." तिनं लसणाच्या चिवड्याचा डबा तेवढा खिडकीतून आत सरकवला.

मी यादी करून निघणारी बाई आहे. सगळ्यात उंच शिखर, एक धबधबा, घोड्यांसाठी बांधलेला जुना कमानीचा पूल आणि भिंतीभर चित्रं काढलेलं जुनं चर्च, असा माझा बेत होता. सुरुवातीचा घाट द्राक्षांच्या मळ्यांमधून जात होता, लख्ख उन्हातला आणि मोकळा. बाबा सुरेख चालवत होते. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, तोही स्टाफ बसचा, दोन छोटे आणि एक लांब. त्या शांत डोंगरात हॉर्न कोणीच वाजवत नाही. मळ्यांत वाकलेली माणसं उभी राहून आमच्याकडं बघत होती आणि बाबा त्यांना हात करत होते. मी मनातल्या मनात त्यांना दहापैकी आठ दिले.

पहिलं गाव लागलं. दगडी घरं, लाल कौलं, आणि रस्त्याकडेला बसथांब्यावर एक काळे कपडे घातलेली म्हातारी, हातात दोन पिशव्या. बाबांनी गाडी थांबवली.

"काहून थांबले, बाबा?"

"सवारी आहे ना."

"पण ही बस नाही!"

"तिले काय माहीत?"

स्टाफ बसचा नियम होता की स्टॉपवर उभा असलेला माणूस मागं ठेवायचा नाही. बस चुकली की त्याची कामाची पाळी चुकते. कोणाच्या घरी डबा उशिरा होतो, कोण चप्पल शोधत बसतो, सगळं बाबांना ठाऊक असायचं आणि ते दारात हॉर्न वाजवत थांबायचे. तीस वर्षांत स्टॉपवर माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर गेला नाही, असं झालंच नाही. तो पाय आता विमानानं सायप्रसला आला होता.

म्हातारीनं लाल पट्टी पाहिली, बाबांना पाहिलं, आणि माझ्या बाजूचं दार उघडून ती उभी राहिली. गुडघ्यांवर हात ठेवून तिनं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की मी उठले. परीक्षक मागच्या सीटवर गेली.

"बसा माय, आरामात बसा," बाबा म्हणाले. म्हातारी ग्रीकमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. "हो ना," बाबा म्हणाले. पुढचे चार तास त्या दोघांचं असंच चाललं होतं, आणि एकदाही कोणाला काही पुन्हा विचारावं लागलं नाही.

गावानंतर पाइनचं जंगल सुरू झालं. पहिल्याच वळणावर गाडी जरा कडेला गेली. म्हातारी "सिगा, सिगा!" म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. मग प्रत्येक वळणाआधी तिचा हात उठू लागला, डावीकडं वळायचं तर डावीकडं, उजवीकडं तर उजवीकडं, आणि तोंडानं 'सिगा'. म्हणजे हळू, हे मला पाचव्या वळणापर्यंत कळलं. मला तिचा भयंकर राग आला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा घाट हातात घेतलाय आणि ही त्यांना शिकवतेय! पण बाबा चक्क ऐकत होते. मी आठाचे नऊ केले, एक मार्क सोशिकपणाचा.

पुढच्या थांब्यावर दुसरी म्हातारी मिळाली, पावाची परात घेऊन. त्यापुढं तिसरी, तिच्या मांडीवर फुलझाडाची कुंडी. मी दोघींच्या मध्ये. कुंडीतली फुलं माझ्या नाकात जात होती आणि पावाच्या परातीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यावर होता. धबधब्याची पाटी उजवीकडं गेली. "बाबा, धबधबा!" मी ओरडले. "आधी सवाऱ्या," बाबा म्हणाले. जुना पूल मला दिसला तो दोन म्हाताऱ्यांच्या मधून, इंचभर. मी चिवड्याचा डबा फिरवला. परातवालीनं मूठभर तोंडात टाकला, लाल झाली, छातीवर क्रूस काढला आणि पुन्हा हात पुढं केला.

एका वळणावर पुढं बसलेल्या म्हातारीनं गाडी थांबवायला लावली. समोर कौलारू गोठ्यासारखं दिसणारं चर्च आणि दारात चार गोरे पर्यटक, उन्हात शिजलेले, घड्याळाकडं बघत बसलेले. म्हातारीनं पिशवीतून वीतभर लांब किल्ली काढली. चर्चची किल्ली तिच्याकडं असायची! ते बिचारे तिची वाट बघत होते आणि आम्ही तिला घेऊन पावाची परात पोहोचवायला हिंडत होतो. त्यातली एक बाई माझ्याकडं पाहून इंग्रजीत म्हणाली की आम्ही दीड तास थांबलोय. मी म्हणाले, "सॉरी, आमच्या बसचा हा रूट आहे." दुसरं काय सांगणार? आत भिंतीभर संत होते, सगळ्यांचे डोळे मोठाले. बाबांनी प्रत्येकाला नमस्कार केला, चुकून एका गोऱ्या पर्यटकालाही.

परातवाली आणि कुंडीवाली एकेक करून उतरल्या. शेवटी किल्लीवालीचं घर आलं. तिनं आत नेऊन आम्हाला पाकातले अख्खे कोवळे अक्रोड दिले, बशीत एकेक. निघताना बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ काहीतरी बोलली. मग माझ्याकडं वळली आणि तेच सगळं मला बोलली, जरा मोठ्यानं. मी हसून मान हलवली.

आता फक्त शिखर राहिलं होतं. मी पुन्हा पुढं बसले. मनात ठरवून टाकलं होतं, दहापैकी दहा. भावाला सांगायचं, खांबच सरकला असेल. ते पास व्हावेत असं मला आता इतकं वाटत होतं की सकाळचं आठवून माझीच मला लाज वाटली. दोन वळणं झाली. तिसऱ्याला बाबांनी गाडी अगदी हळू केली, कडेला घेतली आणि बंद केली.

"आता तू चालव," म्हणाले.

"काहून?"

"उन्हातून सावलीत आलो का डोळ्यापुढं पांढरं पांढरं होते. मोड कुठी आहे, दिसतच नाही."

"मग आतापर्यंत कसे चालवून राहिले होते?"

"ते माय हात दाखवत होती ना."

"तिले काय माहीत?"

"पहिल्याच मोडाले समजलं तिले. म्हटलं, उतरून जा माय. हातानं सांगितलं. उतरलीच नाही. उलट हात दाखवत बसली."

मी भडकले. त्या अरुंद रस्त्यावर, दरीच्या काठाला, मी माझ्या बाबांवर ओरडले, जसे ते मी दहावीत असताना माझ्यावर ओरडायचे. तीन म्हाताऱ्या होत्या गाडीत! मी होते! डोळ्यांचं कधीपासून आहे? सांगितलं का नाही? बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी थकले तेव्हा म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही गाडी काढून घेतली असती. एक घाट राहिला होता, पोरी." मग गाडीची किल्ली काढून घेत, "पण गाडी चालवता येत नसन तर ते ड्रायव्हरनंच सांगितलं पाहिजे. दुसऱ्यानं सांगायची गोष्ट नाही ते."

माझा राग गेला आणि रडू आलं. एका परक्या बाईला एका वळणात जे दिसलं, ते मला, मार्क देत बसलेल्या पोरीला, खांबाला दोनदा धडकूनही दिसलं नव्हतं.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आम्ही जागा बदलल्या. मी घाटात गाडी कधीच चालवलेली नव्हती. पहिल्या वळणाला बाबांचा पाय नसलेल्या ब्रेकवर इतक्या जोरात पडला की चिवड्याचा डबा उघडून त्यांच्या अंगभर सांडला. दुसऱ्याला "सेकंड टाक, सेकंड" झालं. तिसऱ्याला मी म्हणाले, "बाबा, मागच्या सीटवर पाठवीन." ते शर्टावरचे शेंगदाणे वेचून खाऊ लागले.

मग झाडी संपली आणि सगळं एकदम उघडं झालं. खाली डोंगरांमागं डोंगर, आणि पार टोकाला निळी रेघ, समुद्राची. दिवसभर ते रस्त्यावर नजर रोखून बसले होते, जेवढा दिसत होता तेवढ्यावर. आता त्यांनी काचेला नाक लावलं.

"केवढा पहाड आहे वं! हे सगळं केव्हापासून होतं?"

"सकाळपासून, बाबा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ होता, निकाल विचारायला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, म्हणून बाबांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, कसे चालवून राहिले बाबा?"

"ताई चालवून राहिली," बाबा म्हणाले.

पलीकडून भाऊ घाबरत घाबरत म्हणाला, "अन् तुम्ही?"

"मी पाहून राहिलो गा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी काच खाली केली.