ओळंबा आणि जावयाचे ब्रेक

सुटीसाठी समुद्रावर येणाऱ्या माणसांविषयी ओळंब्याचे मत एकदा बनले ते बनले. पाण्यात डुंबायला म्हणून यायचे, दोन दिवसांत पाण्याला कंटाळायचे, आणि मग समुद्राकडे पाठ फिरवून मागच्या डोंगरातल्या सायकलवाटांवर हाडे मोडून घ्यायला निघायचे, अशा प्राण्याला तो माणूस म्हणत असे ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी.

ओळंबा हे त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. ते बाजाराने दिलेले होते. गवंडी भिंतीचा सरळपणा पाहण्यासाठी दोरीला टांगलेले जे वजन लावतो, तसाच हा मनुष्य रस्त्यात उभा राहत असे. आणि त्याच्या शेजारी जो कोणी उभा राहील तो आपोआप वाकडा दिसे. त्याचे वडील कुलूपकिल्ल्या दुरुस्त करीत. त्यांच्याकडून त्याने दोन गोष्टी घेतल्या: हाताची सफाई, आणि गिऱ्हाईक हे मुळात मूर्ख असते हा सिद्धान्त. पहिलीत त्याने भर घातली. दुसरीला आयुष्यभर पुरावे गोळा केले.

पुराव्यांची वाण कधी पडली नाही. त्याचे भाड्याच्या सायकलींचे दुकान डोंगरवाटेच्या तोंडाशीच होते. आत रबराचा आणि तेलाचा वास, उंबऱ्यावर गिऱ्हाइकांच्या पायांनी आलेली वाळू, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तर त्याची रिकामी जागा चारचौघांत चुगली करी. हेल्मेटे खुंट्यांवर आकारमानाप्रमाणे. एखादी बाई हेल्मेट हातात घेऊन म्हणे, "याने केस बिघडतात हो." त्यावर ओळंबा मान वर न करता म्हणे, "केस पुन्हा विंचरता येतात, बाई. कवटी विंचरता येत नाही." कोणी सपाता घालून येई, कोणी ओला टॉवेल गळ्यात गुंडाळून, कोणी एका हातात फोन धरून. त्या प्रत्येकाला तो आधी पायापासून डोक्यापर्यंत पाही, मग डोक्यापासून पायापर्यंत, आणि दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघे.

तथापि एका बाबतीत तो कोणालाही सवलत देत नसे. सायकल हाती देण्यापूर्वी तो गिऱ्हाइकाकडून वदवून घेई: उजवा हात पुढचा ब्रेक, डावा हात मागचा. "उतारावर पुढचा करकचून दाबलात तर सायकल थांबते," तो सांगे, "तुम्ही थांबत नाही." या गावी ब्रेकची रीत तशीच होती. समुद्रापलीकडच्या देशांत ती नेमकी उलटी. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला. तिकडचे पाहुणे येत, हात जोडून सांगत, की आमच्या सायकलीच्या तारा तेवढ्या बदलून द्या, हाताची सवय आहे. काम चहा निवण्याआधी होण्यासारखे. ओळंबा म्हणे, "हात बदला. तारा बदलणार नाहीत." त्याच्या मते जगात दोन प्रकारच्या सायकली होत्या: बरोबर आणि उलट्या. उलटी सायकल आपल्या दुकानातून बाहेर पडणे म्हणजे आपल्या सहीने खोटी साक्ष जाणे.

अशा माणसाच्या पोटी आलेली एकुलती एक मुलगी त्या उलट्या देशातल्या माणसाच्या प्रेमात पडली, याला दैवाचा खोडसाळपणाच म्हटले पाहिजे. ती पाहुण्यांचे जथे घेऊन डोंगरावर जाई आणि त्यांना शक्यतो सगळ्या अवयवांसह खाली आणी. तो बंदरात बोटींची इंजिने दुरुस्त करायला आला होता. उंच, हसरा, खांदे पाडून चालणारा. लग्न झाले. ओळंब्याने जावयात खोट शोधण्याचा मनापासून यत्न केला आणि ती न सापडल्यामुळे तो अधिकच खट्टू झाला.

मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर मुलीने विषय काढला. बंदरातले काम संपत आले होते. "बाबा, आता दोनच वाटा आहेत. यांनी माझ्याबरोबर डोंगरावर वाटाड्या म्हणून काम करायचं, नाहीतर आम्ही दोघांनी तिकडे यांच्या घरी जायचं. आम्हाला इथेच राहायचंय. यांना एक चांगली सायकल बांधून द्या."

"देतो की," ओळंबा म्हणाला.

जावई चमचा खाली ठेवून अदबीने म्हणाला, "बाबा, एक विनंती होती. माझ्या सायकलचे ब्रेक जर उलटे करून—"

"उलटे तुमच्याकडे आहेत, जावईबापू. इथे सुलटे मिळतात."

"अहो!" ओळंब्याची बायको ताट सारून म्हणाली. "घरातला माणूस आहे तो, गिऱ्हाईक नाही!"

"म्हणूनच सांगतो. गिऱ्हाइकाला मी इतकंही समजावत नाही."

मुलगी वडिलांकडे पाहत राहिली. ओळंब्याला ते पाहणे शिव्याशापांपेक्षा जड गेले. जावई मात्र हसून म्हणाला, "बरं, बाबा. शिकेन मी."

पुढचे काही दिवस बायकोने नवऱ्याला सळो की पळो करून सोडले. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा," ती भांडी आपटीत म्हणे. "पोरगी समुद्रापलीकडे गेली ना, की बसा त्या तारांना कवटाळून. आणि तो बिचारा एवढा गरीब, की रोज पहाटे इथे येऊन माझी सायकल घेऊन पाव आणायला जातो. न सांगता!"

तिचे शब्द ओळंब्याच्या डोक्यात खडे होऊन खडखडत. नवी सायकल तयार झाली. ती त्याच्या आजवरच्या कामांत सर्वोत्तम होती. चाके अशी सरळ की फिरताना उभी असल्याचा भास व्हावा. दुपारी गाव झोपले असता त्याने दुकानाचे दार आतून लावले, सायकल स्टँडवर चढवली आणि दोन्ही ब्रेकच्या तारा सोडवून एकमेकींच्या जागी बसवल्या. डाव्या हाताला पुढचा. उलटा. जावयाच्या देशासारखा. तारांची वळणे त्याने इतकी बेमालूम बसवली की पाहणाऱ्याला संशयही येऊ नये.

आता हे जावयाला सांगायला तोंड किती उघडावे लागले असते? एका वाक्यापुरते. पण त्या वाक्याचा अर्थ, मी वाकलो, असा झाला असता, आणि वाकायचे ते दार लावून, असा या गृहस्थाचा बाणा. त्याने हिशेब केला: पोराच्या हाताला जुनीच सवय आहे, सायकल त्याच्या हातासारखी चालेल, त्याला वाटेल आपण शिकलो. पोरगी राहील, आणि माझा शब्दही. सकाळी मुलगी सायकल न्यायला आली तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वदवून घेणारा हा नियमाचा पुतळा एवढेच म्हणाला, "ने. जपून चालवा म्हणावं."

चढावर ब्रेक लागत नाहीत. निघण्यापूर्वी जावयाने दोन्ही दाबून पाहिले होते. दोन्ही घट्ट होते. माथ्यावरून उतरताना पहिल्याच वळणावर, जिथे बारीक खडी पसरलेली असते, तिथे त्याने वेग कमी करण्यासाठी डावा ब्रेक दाबला. पुढचे चाक जागच्या जागी थांबले. जावई थांबला नाही.

दवाखान्यात ओळंबा आणि त्याची बायको पोहोचली तेव्हा जावयाचे मनगट प्लास्टरात गेले होते आणि हसण्यातून समोरचा एक दात गेला होता. हेल्मेटला आडवी भेग पडली होती. तिच्याकडे बोट दाखवून डॉक्टरीण म्हणाली, की ही भेग कवटीला पडायची ती थोडक्यात हेल्मेटवर गेली.

"माझीच चूक, बाबा," जावई बोबडे बोलत म्हणाला. "इतका सराव केला, पण ऐनवेळी हातांनी दगा दिला."

"कसला सराव?" सासूने विचारले.

"रोज पहाटे. तुमच्या सायकलवर, बंधाऱ्यावरून. उजवा पुढचा, डावा मागचा. मला वाटलं, हात शिकले. बाबांना एकदा दाखवायचं होतं."

"अगं बाई! म्हणजे पाव आणायला नव्हता जात?"

"पाव परत येताना आणायचो."

मुलीने त्याच्या कपाळावरची वाळू पुसली. "राहू दे आता. आई, आम्ही ठरवलंय. यांना वाटतं, ज्याचे हात वळणावर विसरतात त्याने लोकांना डोंगरावर नेऊ नये. उद्या एखाद्या पाहुण्याचा जीव जाईल. प्लास्टर निघालं की आम्ही तिकडे जाऊ."

ओळंबा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, ताठ. त्याच्या तोंडात एक वाक्य येऊन बसले होते आणि त्याने ते चुकून गिळलेल्या खिळ्यासारखे गिळून टाकले. म्हणाला, "दुखतंय का?" एवढे विचारून तो दुकानाकडे निघाला.

मोडकी सायकल कोणीतरी दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढचे चाक वेडेवाकडे, पण ब्रेक शाबूत. ओळंब्याने ती स्टँडवर घेतली आणि पाना काढला. तारा पुन्हा सुलट्या करायच्या, बस्स. पुढे कोणाला काय कळणार होते? सगळे जग जावयाच्या हातांना दोष देत होते, आणि स्वतः जावई त्यात सर्वांत पुढे. त्याने पहिला स्क्रू सैल केला. बायको चहा घेऊन आली.

"आता कशाला दुरुस्त करताय ती? चालवणार कोण?"

तो चहा प्यायला नाही. ती निघून गेल्यावर तो त्या सैल स्क्रूकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चालले होते याविषयी गावात पुढे पुष्कळ उदात्त तर्क झाले. खरे कारण तितके उदात्त नव्हते. ज्या पोराने त्याचा नियम, त्याला न सांगता, पहाटे उठून शिकून घेतला होता, तो एकुलता एक शहाणा मनुष्य आता जन्मभर स्वतःला मूर्ख समजणार होता. आजवर जमवलेल्या सगळ्या मूर्खांत एक खोटा मूर्ख मिसळला जाणे त्याच्या शिस्तीला सोसवेना. शिवाय मुलगी जाणार होती. हे दुसरे कारण तो स्वतःशीही बोलला नाही. त्याने स्क्रू परत घट्ट केला.

संध्याकाळी मुलीच्या घरी जायला त्याने हमरस्ता निवडला. मोडकी सायकल खांद्यावर, वाकडे चाक पाठीवर ठकठक आपटतेय, आणि चालणे तसेच, दोरीला टांगल्यासारखे. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन पाहू लागले. न्हावी म्हणाला, "काय ओळंबेसाहेब, आज सायकल तुमच्यावर बसली?" ओळंब्याने त्याला उत्तर देण्याच्या लायकीचा मानले नाही.

मुलीच्या खोलीत बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या. जावई खिडकीशी बसला होता. ओळंब्याने सायकल पलंग आणि कपाट यांच्यामध्ये टेबलावर आडवी ठेवली, मोडके चाक हाताने फिरवले, आणि जावयाला म्हणाला, "डावा दाबा."

"बाबा, चांगला हात डावाच उरलाय."

"म्हणूनच म्हणतो. दाबा."

जावयाने डावा लिव्हर दाबला. पुढचे चाक खटकन थांबले.

मुलगी पुढे झाली, तिने तार बोटाने शेवटपर्यंत चाचपली, मग दुसरी चाचपली. "कुणी केलं हे?"

"या गावात पाना धड धरता येणारा दुसरा कोण आहे?" ओळंबा म्हणाला.

इतका उद्धट कबुलीजबाब त्या खोलीने याआधी ऐकला नसावा. मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले ते ओळंबा चांगलेच ओळखत होता. रोज दुकानात येणाऱ्यांकडे पाहताना ते त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असे. ते समोरून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर प्रथमच आला.

"एक शब्द," ती म्हणाली. "एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती? सगळ्या दुनियेला ब्रेक शिकवता आणि स्वतःच्या जावयाला न सांगता उलटे लावता? हेल्मेट नसतं तर, बाबा?"

"हेल्मेट मी दिलं होतं."

"गप्प बसा!"

तो गप्प बसला.

इकडे जावई हसायला लागला होता. आधी हळू, मग दात नसलेल्या खिंडीतून शीळ वाजेपर्यंत. "म्हणजे माझे हात बरोबर होते!" तो बायकोला म्हणाला. "ऐकलंस? हात शिकले होते!" आणि प्लास्टरातला हात त्याने बक्षीस मिळाल्यासारखा उंच धरला. ओळंब्याने त्याच्याकडे पाहिले. मनगट मोडले, दात गेला, आणि हा आनंदतो आहे. अशा जातीचा माणूस आपल्या संग्रहात नाही हे त्याला कबूल करावे लागले.

मुलीने बॅगेतले कपडे परत कपाटात टाकायला सुरुवात केली, दणादण, घडी न करता. "आम्ही राहतोय," ती पाठमोरी म्हणाली. "पण आजपासून एकाही सायकलच्या ब्रेकला तुम्ही हात लावायचा नाही. मी लावीन, मी तपासीन. ज्याला जसे हवेत तसे देईन, आणि देताना सांगीन. कबूल?"

"तुला पाना धरता येत नाही."

"कबूल की नाही?"

ओळंबा दाराच्या चौकटीत उभा राहिला. चौकट किंचित तिरपी होती. ते त्याच्या लक्षात आले आणि त्याने ते बोलून दाखवले नाही. "कबूल," तो म्हणाला.

त्या मोसमात मुलीने प्रत्येक सायकलच्या पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला तांबडी पट्टी गुंडाळली, मग तो डावीकडे असो की उजवीकडे. ओळंब्याच्या लेखी हा बालवाडीचा प्रकार होता, आणि पट्टीचे टोक ती तिरपे कापते हा त्यावर कळस. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर ट्यूब मांडीवर घेऊन बसे. पडणाऱ्यांची संख्या घटली. यात पट्टीचे काही श्रेय असेल असे त्याला वाटत नव्हते. मूर्खांचाच हंगाम पातळ असावा.

एक दिवस गळ्यात टॉवेल घातलेला एक पाहुणा त्या तांबड्या पट्टीवर बोट टेकवून त्याला म्हणाला, "वा, काका! फार छान युक्ती काढलीत हो तुम्ही."

ओळंब्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"माझी नव्हे," तो म्हणाला. "तिची आहे. मी इथे पंक्चर काढतो."