यंत्र व्हरांड्यात होते

दिनांक १८ फेब्रुवारी २०१९ रोजी, पिण्याचे पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या चौकशी समितीने माझ्या वहिनींना दोषी ठरवले. अहवालातील कारण असे : बदललेली नोंद त्यांच्या संगणकात होती, संगणकाला पासवर्ड होता आणि तो त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हता. यातील प्रत्येक विधान खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष धादांत खोटा आहे. या निष्कर्षाविरुद्धची आमची तक्रार जिथे घ्यायला हवी होती तिथून ती ‘विचारात घेण्याचे प्रयोजन नाही’ असा शेरा घेऊन परत आली. म्हणून इथे लिहून ठेवतो.

कार्यालयात वहिनींना कुलूपबाई म्हणत. पाणी प्यायला उठल्या तरी संगणकाचा पडदा बंद करून उठत. पासवर्ड दर महिन्याला बदलत, आणि तो दादाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्यालाही, त्यांनी कधी सांगितला नाही. दादा त्यावरून त्यांना छळायचा. टेबलावर चहा ठेवून त्या आत गेल्या की हाक मारायचा, “अगं, कपाला कुलूप लावायचं राहिलं. माशी सगळं वाचून जाईल.”

“हसा तुम्ही,” त्या आतूनच म्हणत. “माझ्या नावावर कोणी काही लिहून ठेवलं तर निस्तरायला मलाच लागेल.”

शेजारच्या टेबलावरचे, वहिनींच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवणारे टंकलेखक नेमके उलटे. त्यांचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असे, आणि ज्याला गरज पडेल तो खुशाल त्यांच्या खुर्चीत बसे.

त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेच्या खोलीला रंग द्यायचे ठरले. शुक्रवारी संध्याकाळी हमालांनी टेबले, कपाटे आणि संगणक उचलून व्हरांड्यात मांडले. सोमवारपर्यंत ते तिथेच होते. व्हरांड्याला दार नाही. रंगारी, हमाल, नमुने घेऊन येणारे, ठेकेदारांची माणसे, सगळ्यांची ये-जा तिथूनच. वहिनींनी आपला संगणक व्यवस्थित बंद केला होता आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर प्लास्टिकही पांघरले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी नदीपलीकडच्या वसाहतीच्या टाकीतले पाणी तपासून ‘पिण्यास अयोग्य’ अशी नोंद केली होती. मंगळवारी त्यांच्या आणि टंकलेखकांच्या संगणकांतील नोंदी जुळवून महिन्याचा अहवाल निघाला, तेव्हा दोन्हीकडे ‘योग्य’ असे होते. शेकडो ओळींतली ती एक ओळ कोणाच्याच नजरेस पडली नाही. पुढे वसाहतीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि दोन म्हातारी माणसे दगावली. नमुन्याच्या बाटल्या नियमाप्रमाणे धुऊन झाल्या होत्या. पुरावा म्हणून उरले ते संगणक.

चौकशीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो आणि दार उघडे होते. टंकलेखकांना अध्यक्षांनी लवकरच मोकळे केले. यांचे यंत्र म्हणजे धर्मशाळा, असे म्हणून ते हसले. तिथे कोणीही बसू शकत होते, तेव्हा यांनाच कसे धरायचे? मग वहिनींना बोलावले.

“पासवर्ड कोणाला सांगितला होता का?”

“नाही.”

“आठवून बघा, बाई. एखाद्या मैत्रिणीला? मिस्टरांना?”

“कोणालाच नाही.”

“कुठे लिहून ठेवला होता?”

“मी लिहीत नाही.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. “मग बाई, उरलं कोण?”

एकदा ‘हो’ म्हटले असते तरी त्या सुटल्या असत्या. बेफिकीर माणसाला संशयाचा फायदा मिळाला आणि काळजी घेणाऱ्या बाईची काळजीच तिच्याविरुद्धची साक्ष ठरली.

माझी पुतणी संगणकाचेच काम करते. ती सुट्टी काढून आली. घरातल्या संगणकाला तिने आईकडून नवा पासवर्ड घालून घेतला आणि तोवर स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. मग तिने एक पेनड्राइव्ह लावला. संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू झाला. पासवर्ड विचारला जाण्याचा प्रश्नच आला नाही. आतल्या सगळ्या फायली उघड्या होत्या. तिने यंत्राचे घड्याळ मागे नेले, एका फाइलमधला शब्द बदलला, घड्याळ पुन्हा पुढे केले आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

“आता तू उघड, आई.”

वहिनींनी आपला पासवर्ड घातला. तो नेहमीसारखा चालला. फाइलमधला शब्द मात्र बदललेला होता आणि त्यावर आदल्या आठवड्याची तारीख होती.

“पासवर्ड समोरून येणाऱ्याला अडवतो, काका,” पुतणी मला म्हणाली. “यंत्रच हातात आल्यावर समोरून यायचं कशाला? सगळी डिस्क सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्ट, करून ठेवली असती तर हे जमलं नसतं. पण ते कार्यालयाने करायचं असतं, आणि तिथे ते कोणी केलंच नव्हतं.”

मला वाटले, वहिनींना हायसे वाटेल. त्यांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली.

“म्हणजे इतकी वर्षं मी काय बंद करत होते?”

हा प्रयोग समितीसमोर करून दाखवण्याची परवानगी आम्ही मागितली. ज्यांच्या घरातच ही विद्या आहे त्यांनी ती मिरवायला न येणेच बरे, असे अध्यक्षांनी तोंडी कळवले. व्हरांड्याचा उल्लेख अहवालात एकदाही नाही. वहिनींना सक्तीने निवृत्त करण्यात आले आणि त्यांच्या सेवापुस्तकात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द कायमचा बसला.

अलीकडे त्यांनी मोबाइलचे लॉक काढून टाकले आहे. कपाटाची किल्ली कपाटालाच असते. मी एकदा विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “असू दे उघडं, भाऊजी. निदान कोणीही उघडू शकत होतं, असं तरी म्हणता येईल.” घराचे दारही त्या आता नुसते लोटून ठेवतात. तिन्हीसांजेला दादा उठतो आणि कडी लावून येतो. कपाच्या कुलपाचा विनोद त्याने परत केलेला नाही.

वाचकांकडे माझी मागणी एकच आहे. तुमच्या कार्यालयात कोणाकडे बोट दाखवून ‘पासवर्ड त्यांचाच होता’ असे सांगितले गेले, तर तेवढ्यावर मान डोलावू नका. ते यंत्र कुठे ठेवले होते आणि त्याला कोणाकोणाचे हात लागू शकत होते, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत अहवालावर सही करू नका.