नीट करून दिलेली वाक्यं

विद्यापीठाच्या भाषा विभागात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. सूचनाफलकावर कुणी ‘परिक्षा’ लिहिलेलं दिसलं की तिच्या पर्समधून पेन आपोआप बाहेर यायचं. एकदा तर खुद्द विभागप्रमुखांच्या रजेच्या अर्जातल्या दोन वेलांट्या तिने फिरवून दिल्या होत्या, आणि त्यांनी मुकाट्याने नव्या अर्जावर सही केली होती. एकोणीस वर्षं ती तिथे टंकलेखिका होती. घरी तिचा नवरा आणि त्याच्या टेबलावर लोकांची बिघडलेली घड्याळं, एवढाच संसार.

विभागातल्या डॉक्टरबाई औषधाच्या नव्हेत, वाक्यरचनेच्या डॉक्टर. त्यांनी तीन वर्षांचं एक संशोधन हाती घेतलं. कामासाठी दुसऱ्या मुलखातून आलेली बावीस मोठी माणसं संध्याकाळच्या वर्गात आपली भाषा शिकत होती. त्यांच्या डोक्यात वाक्य कसं जुळत जातं, ते बाईंना पाहायचं होतं. दर महिन्याला प्रत्येकाने वीस मिनिटं आपल्या दिवसाबद्दल बोलायचं, ते ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि वेलांटीबाईने ते ऐकून टाइप करायचं. कानाला हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं पेडल.

पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तिला खुर्ची ओढून समोर बसवून समजावलं होतं. आपण म्हणतो, मी कागद लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. लिहिणारा एकच, पण क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही, लिहिलेल्या वस्तूच्या मागे जातं. आपल्याला ते आईच्या कडेवर असतानाच येतं. मोठेपणी शिकणाऱ्याला ते कधी येतं, कशाच्या आधी येतं, कशाच्या नंतर, हे त्यांना शोधायचं होतं.

“म्हणून जसं ऐकाल तसं उतरवा,” त्या म्हणाल्या. “चुकलं तर चुकलेलं. मला त्यांच्या चुकाच हव्या आहेत.”

पहिले चार महिने तिने तसंच केलं. हात शिवशिवायचे, पण केलं. माणसांची नावं तिला माहीत नव्हती, फायलीवर फक्त आकडे असत. त्यातली सातवी रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुणारी होती. आवाज जरा घोगरा, प्रत्येक वाक्याआधी एक छोटा श्वास. कामावर सगळे पुरुष, त्यांचंच ऐकून शिकलेली, म्हणून स्वतःबद्दलही पुरुषासारखी बोलायची. पाचव्या महिन्यात तिने सांगितलं, “माझा मुलगी ताप आला. मी बाजूला बसलो. मी पाणी दिलो. मी रडलो नाही.”

वेलांटीबाईने ते टाइप केलं आणि चहा घ्यायला गेली. परत आली तर दोन विद्यार्थी तिच्या टेबलापाशी उभे राहून तोच कागद नाटकी आवाजात वाचत होते आणि पोट धरून हसत होते. तिने कागद हिसकावून घेतला. त्यांना काय बोलायचं ते बोलली. मग दार लोटून खाली बसली आणि नवा कागद घातला. ‘माझ्या मुलीला ताप आला. मी बाजूला बसले. मी पाणी दिलं. मी रडले नाही.’

आता कुणी हसणार नव्हतं.

एकदा केलं की दुसऱ्यांदा मन अडत नाही. सातवीचं नीट केलं, मग अकराव्याचं का नको? तो बिचारा गवंडी दिवसभर विटा वाहून अडखळत बोलायचा. हळूहळू बावीसही जणांची वाक्यं तिच्या बोटांतून न्हाऊन-माखून, भांग पाडून बाहेर पडू लागली. अगदी सगळंच नाही. इकडे तिकडे एखादी चूक ती राहू द्यायची, खरं वाटावं म्हणून. ती राहू दिलेली चूकच पुढे तिला जास्त टोचली. कारण चांगुलपणाने केलं म्हणावं, तर लपवाछपवी कशाला केली?

तीन वर्षं संपली आणि डॉक्टरबाईंचा अहवाल टाइप करायला तिच्याकडेच आला. चौदाव्या पानावर तिने स्वतःच्या हाताने टाइप केलं की, शिकणाऱ्यांच्या वाक्यांत सहाव्या महिन्याच्या सुमारास एकाएकी मोठी सुधारणा होते, आणि त्यानंतर वर्गाची फारशी गरज उरत नाही. बोटं थांबली. सहाव्या महिन्यात काय झालं होतं, ते जगात तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हाच उठून पलीकडच्या खोलीत जायला हवं होतं. बारा पावलांचं अंतर. ती गेली नाही. उद्या सांगू म्हणाली, मग अहवाल छापून झाल्यावर सांगू म्हणाली. तो छापून आला तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला आणि हिच्या कानांशिवाय हे झालं नसतं, असं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. ती जमिनीकडे बघत राहिली, आणि लोकांना तो विनय वाटला.

दीड महिन्याने बातमी आली. नगरपालिकेच्या शिक्षण समितीने अहवाल वाचून संध्याकाळचा वर्ग चार वर्षांवरून सहा महिन्यांवर आणला होता. तरीही ती गप्प राहिली. आठ महिने.

मग नवऱ्याची हर्नियाची शस्त्रक्रिया निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात औषधाची चिठ्ठी घेऊन उभी होती, आणि मागून आवाज आला. घोगरा, वाक्याआधी एक छोटा श्वास. तीन वर्षं कानात राहिलेला तो आवाज तिने कुठेही ओळखला असता. वळून पाहिलं तर चादरींची ढकलगाडी घेऊन एक ठेंगणी बाई वाट मागत होती. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, पाण्यात राहून राहून.

वेलांटीबाईने गाडीला हात लावला. आपण विद्यापीठात असतो, एवढंच सांगितलं, आणि वर्ग कसा चाललाय म्हणून विचारलं. सातवी सगळ्यांनाच तू म्हणायची. तिला तुम्ही अजून जमलं नव्हतं.

“वर्ग बंद झाला,” ती म्हणाली. “तुझा विद्यापीठ कागद लिहिलो. कागद बोलतो, आम्हाला सगळा येतो.” आणि ती हसली, जणू एखाद्या वेड्या नातेवाइकाची गोष्ट सांगावी तशी. मग तिने आणखी सांगितलं. धुलाईघरात मुकादमाची जागा निघाली होती. काम तिला सगळ्यांत जास्त येत होतं. पण मुलाखतीत साहेब म्हणाले, तुमचं बोलणं समजत नाही, माणसांना कामं कशी वाटून द्याल? जागा दुसऱ्याला गेली.

त्या दुपारी तिने नवऱ्याच्या खाटेशी बसून सगळं ओकून टाकलं. झालं गेलं उकरून काय मिळणार, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, “बंद घड्याळाचे काटे हाताने फिरवून मीही गिऱ्हाइकाला बरोबर वेळ दाखवू शकतो. पण मी तसं करत नाही.” कूस बदलायला मदत हवी असल्याचं निमित्त करून त्याने तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. बसा म्हटलं तरी बसली नाही. सगळं ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“किती पानं?”

“पाचव्या महिन्यापासूनची सगळी.”

“मला राग नीट येतही नाहीये,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पैसे खाल्ले असते तर सोपं गेलं असतं.”

मूळ ध्वनिमुद्रणं जपून ठेवलेली होती, हेच नशीब. डॉक्टरबाईंनी त्याच आठवड्यात अहवाल छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहून तो मागे घेतला. त्यांची बढती त्या वर्षी हुकली. वेलांटीबाईने राजीनामा पुढे केला, तर त्या म्हणाल्या की जाणं सोपं आहे, आधी उतरवून द्या. म्हणून तिने सात महिने पुन्हा सगळं ऐकलं. दर दहावं पान एक विद्यार्थिनी ध्वनिमुद्रणाशी ताडून बघायची, आणि ती बघत असताना वेलांटीबाई शाळेतल्या मुलीसारखी बाजूला उभी राहायची. चूक सापडली नाही. खरा निष्कर्ष वेगळाच निघाला: क्रियापदाची ती जुळणी दीड वर्षानंतरही निम्म्यांना आलेली नव्हती. समितीने तो वाचला, दोन बैठका घेतल्या आणि वर्ग पुन्हा चार वर्षांचा केला. पण पुढच्या तुकडीपासून. जुन्यांना जागा नव्हती.

एवढं झाल्यावर ती धुलाईघरात गेली. यंत्रांच्या घरघरीत, वाफेत, तिने सातवीला सांगितलं की तो कागद माझ्यामुळे खोटा झाला. दोनदा सांगावं लागलं. तुमच्यावर कुणी हसू नये म्हणून केलं, असंही सांगितलं.

सातवीने हातातली चादर पिळून बाजूला ठेवली.

“तू कागदाला शिकवलो,” ती म्हणाली. “मला का नाही शिकवलो?”

तीन वर्षं ती बाई महिन्यातून एकदा दोन खोल्यांपलीकडे येऊन बोलून जात होती. वेलांटीबाईने एकदाही दार उघडून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

आता शिकवते, ती म्हणाली. सातवीने लगेच हो म्हटलं नाही. मुलीला विचारते म्हणाली. तीन रविवार वेलांटीबाई वाट बघत घरात बसली. चौथ्या रविवारी सातवी आली, मुलीला घेऊन. मुलगी दहा वर्षांची, फाडफाड बोलणारी, आईचं वाक्य मध्येच तोडून सुधारणारी. तिला गप्प बसवून वेलांटीबाई सातवीकडे वळली आणि म्हणाली, आधी तुमचं सांगून होऊ दे.

मुकादमाची जागा पुन्हा निघालेली नाही. सातवी कधी येते, कधी पाळी बदलली म्हणून येत नाही. न आलेल्या दिवशीही वेलांटीबाई दार उघडंच ठेवते.