बुडाचा वण

ताईच्या नवऱ्याला आम्ही भावंडं पाठीमागे काचसाहेब म्हणायचो. पाणीखात्यात मीटर तपासायची नोकरी, पण मिजास जवाहिऱ्याची. जुन्या बाजारातून फुंकून केलेल्या काचेच्या फुलदाण्या, अत्तरदाण्या हुडकून आणायच्या आणि तळहातावरच्या फोडासारख्या जपायच्या. ताईला मात्र त्यांनी तसं कधी जपलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, म्हणून माझ्यावर त्यांचा राग.

वस्तू हातात आली की भावजी आधी ती उलटी करायचे. काम संपल्यावर कारागीर बुडाला चिकटवलेली सळई तोडतो, तिथे खडबडीत वण राहतो. त्यावर अंगठा फिरवून निकाल द्यायचा, "अस्सल." वण नसला की, "साच्यातली." रंग, घाट बघायची त्यांना गरजच वाटायची नाही.

सगळ्यांत लाडकी एक निळी फुलदाणी. तिच्या वणाने नव्या कपाटाच्या पॉलिशवर ओरखडे उठले आणि भावजींनी घर डोक्यावर घेतलं. ताई बिचारी भोळी. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना खूश करावं म्हणून तिने आरसेवाल्याकडून फुलदाणीचं बूड घासून गुळगुळीत करून आणलं. भावजी ओरडले नाहीत. फुलदाणी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि तेव्हापासून ताईशी कामापुरतंच बोलले. तिने कितीदा माफी मागितली, हा माणूस ढिम्म. ताईने त्या फुलदाणीत कधी फुलं ठेवली नाहीत. पळ्या आणि उलथनी ठेवायची.

म्हातारपणी भावजींची नजर गेली. आता ते कुलूप ताईच उघडते आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देते. परवा मी तिथेच होते. तिने मधेच उठून ओट्यावरची फुलदाणी रिकामी केली, धुतली, पुसली आणि त्यांच्या हातात ठेवली. ते ओळखतील, एखादा बरा शब्द बोलतील, ही आशा तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

भावजींनी ती उलटी केली, अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"साच्यातली आहे. हा कचरा इथे कुणी ठेवला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगणारच होते, पण ताईने मान हलवून मला थांबवलं.

"माझी आहे," ती म्हणाली. "माहेरून आणलेली."

"तरीच," भावजी म्हणाले आणि पुढच्या वस्तूसाठी हात पुढे केला.