मागं बसायचं लायसन

सोळा वर्षं पुरी झाली आणि मला मोपेडचं कच्चं लायसन मिळालं. गाडी बिनगिअरची, इंजिन बारकं, आणि घरच्यांची सही पाहिजे. सही करणारे आमचे वडील, म्हणजे अण्णा, वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायला होते. दिवसभर माल नापास करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला. सहीआधी त्यांनी सगळे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. मग पुठ्ठ्यावर पट्टीनं आखून लाल 'एल' रंगवला आणि तो वाळेपर्यंत मला गाडीला हात लावू दिला नाही.

पण माझ्यापेक्षा जास्त वाट बघत होती आई. तिची बहीण गारखेड्यात, आम्ही बजाजनगरात, मधे अख्खं शहर. अण्णांना सुट्टी असेल, मर्जी असेल आणि स्कूटर चालू होईल, तेव्हाच आईचं जाणं. दारात पाय ठेवला की मावशी पहिलं विचारायची, "कुणासंग आलीस?" आई म्हणायची, "ह्यांनी सोडलं." आणि चहा निवायच्या आत बाहेर हॉर्न सुरू.

पहिल्याच रविवारी आई नवी साडी नेसून माझ्या मागं बसायला आली. अण्णा आडवे आले.

"कच्च्या लायसनवाल्याच्या मागं पक्कं लायसनवालंच माणूस बसू शकतं."

"अहो, मी नुसती बसणार हाय. कशाला हात बी लावणार नाय."

"नियम म्हणजे नियम."

आई आत गेली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला असेल. रात्री जेवताना ती म्हणाली, "मलाबी लायसन काढून द्या. मागं बसायचं."

अण्णांना ठसका लागला. "मागं बसायचं वेगळं लायसन नसतं गं! त्याला गाडी चालवता यावी लागते."

"मग शिकवा."

आईचंही कच्चं लायसन निघालं. रोज सकाळी मैदानात पदर खोचून आई पुढं आणि कॅरिअर धरून धापा टाकत अण्णा मागं. "ब्रेक! ब्रेक! अगं, समोर म्हैस हाय!" मी कट्ट्यावर बसून पोट धरून हसायचे. मला काय, मी तर तयारच होते ना!

महिन्यानं दोघींची परीक्षा एकाच दिवशी, एकाच मोपेडवर. आखलेल्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता फिरायचं. आधी मी. दुसऱ्या वळणावर माझा पाय टेकला. साहेब म्हणाले, "पुन्हा या." मग आई बसली. कढईत उलथणं फिरवावं तशी आरामात फिरली आणि साहेब थांबा म्हणेपर्यंत आणखी एक आठ काढून आली.

अण्णा बघतच राहिले. "हे कुठं शिकलीस?"

"माहेरी, लासूर स्टेशनला, भावाची सायकल हाणायचे मी. तुम्ही कधी इचारलं नाय."

"मग महिनाभर मला कशाला पळवलंस?"

"तुम्हालाच लई हौस होती शिकवायची."

आईचं पक्कं लायसन हातात आलं त्या रविवारी मी मोठ्या मनानं मोपेड काढली. नापास झाल्याचं दुःख गिळून म्हणाले, "बस आई. आता नियमात बसतंय."

"उतर," आई म्हणाली.

"का? आता तुला मागं बसता येतं की!"

"व्हय. पण आता मागं कशाला बसू? सरक."

मी अण्णांकडं बघितलं. ते डोकं खाजवत उभे. एवढे नियम पाठ, पण कामाचा एक सापडेना. शेवटी म्हणाले, "हळू जा."

रस्ताभर मी आईच्या कमरेला धरून बसले होते. "सोड गं, गुदगुल्या होत्यात," ती ओरडत होती. मावशीच्या दारात गाडी लावली. मावशी बाहेर आली आणि सवयीनं विचारलं, "कुणासंग आलीस?"

"कुणासंग नाय," आई म्हणाली. "मीच हिला घेऊन आले."

मावशी एकदा आईकडं, एकदा मोपेडकडं बघत राहिली. मग चहाचं नावही न काढता तिनं पायात चपला सरकवल्या. "मला एक चक्कर मारून आण."

"बस," आई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "तू उतर. नियमानं दोघंच."

"आणि मी?"

"तू चहा टाक."

राग लई आला. पण दोघींचं हसणं कोपऱ्याच्याही पलीकडून ऐकू येत होतं. मी आत जाऊन चहा टाकला. तो दोनदा गरम करावा लागला.