बोर्दोचे पाढे

नवऱ्याच्या मॅनेजरला वाइनचं वेड होतं आणि आम्हाला नोकरी जायची धास्ती. मंदी आली होती, अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या त्या ऑफिसात माणसं कमी करायची ठरलं होतं, आणि कोण राहणार, कोण जाणार हे याच मॅनेजरच्या हातात होतं. अशात त्याने सगळ्या टीमला शनिवारी घरी बोलावलं. कार्यक्रम काय, तर बोर्दोची ओळख! फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध भागातल्या वाइन चाखायच्या आणि त्यांवर बोलायचं. नवरा नागपूरचा, सुपारीचंही व्यसन नसलेला. मी म्हटलं, "जायचं. आणि तू बोलायचंस."

नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की शाळा जाणार. मला फक्त शाळेची पडली होती. आमची मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. इथल्या सरकारी शाळेत तिला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्यामुळे ती 'मोअर' म्हणायला लागली होती, 'नो' म्हणायला लागली होती. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, "बोलेल हो, घाई कसली?" परत जायचं म्हणजे त्या 'घाई कसली'कडे परत जायचं.

मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. कामाची परवानगी नसलेल्या बायकोकडे वेळच वेळ असतो. बोर्दोत दोन नद्या एक होतात आणि समुद्राला मिळतात. डाव्या काठाची जमीन खडीची, तिथे कॅबर्ने सोव्हिन्याँ जास्त. जाड सालीचं, तुरट, उशिरा पिकणारं द्राक्ष. उजव्या काठाला चिकणमाती, तिथे मऊ, लवकर पिकणारं मर्लो. शिवाय कॅबर्ने फ्राँ, पेती व्हर्दो, माल्बेक ही लिंबूटिंबू मंडळी. वाइन करतात ती यांची मिसळ करून, कारण तिथल्या हवेचा भरवसा नाही. एक द्राक्ष पावसात गेलं तर दुसरं ते वर्ष तारून नेतं. शहाणी माणसं. आमचं सगळं एकाच पगारावर चाललं होतं.

आता पाठांतराशिवाय आपल्याला दुसरं येतं काय? रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना मी पाढ्यांच्या चालीवर म्हणायची, "डावा काठ कॅबर्ने, उजवा काठ मर्लो," आणि नवरा कांदा चिरता चिरता माझ्यामागून म्हणायचा. मुलगी खाली बसून डबे वाजवायची. शुक्रवारी नवरा 'उजवा काठ' म्हणून अडला, आणि खालून आवाज आला, "मर्लो."

स्वच्छ, सुरात. नवऱ्याने सुरी खाली ठेवली. मी रडले, हसले, पिठाच्या हातांनी तिचे गाल माखून टाकले. आता तर नोकरी टिकायलाच हवी होती.

शनिवारी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही गेलो. मॅनेजरच्या टेबलावर ग्लासांची रांग होती आणि मधोमध एक छोटी बादली. वाइन तोंडात घोळवायची आणि त्या बादलीत थुंकायची, अशी रीत. मी नवऱ्याला ती सांगून ठेवली होती. पण यजमानाने स्वतःच्या हाताने वाढलेलं त्याच्याच देखत थुंकायचं, हे काही त्याला जमेना.

"कसं थुंकू यार, तो समोर उभा आहे," तो माझ्या कानात पुटपुटला आणि त्याने घोट गिळला. मग पुढचा गिळला. रांगेतली एकेक वाइन तो गिळत गेला, आयुष्यात पहिल्यांदा.

मॅनेजरने हसत विचारलं, "सो, लेफ्ट बँक ऑर राइट?"

डावा काठ, उजवा काठ, सगळे पाढे कुठल्या कुठे गेले. नवऱ्याने त्याचा हातच धरला आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, मला काढू नका. माझी मुलगी बोलायला लागलीय." आणि तो ढसाढसा रडायला लागला. बाकीचे आपापल्या ग्लासात बघत राहिले. मॅनेजरने हळूच हात सोडवून घेतला आणि कुणालातरी पाणी आणायला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याला काढलं. नाव आधीच ठरलेलं असेल, देव जाणे. शाळेतल्या बाईंनी निरोप देताना मला मिठी मारली आणि सांगितलं की मुलीशी बोलत राहा. मी दुसरं काय करत होते?

नागपुरात आल्यावर आधी 'मोअर' गेलं, मग 'नो' गेलं. मी शाळा पालथ्या घातल्या, डॉक्टरांचे उंबरे झिजवले. सगळ्यांचं एकच, घाई कसली.

थंडी सरता सरता बाजारात काळी द्राक्षं आली. एका हातगाडीपुढे मुलगी आपणहून थांबली आणि तिने बोट दाखवलं. मी तिथेच तिच्यासमोर उकिडवी बसले आणि चालीवर सुरू केलं, "डावा काठ कॅबर्ने, उजवा काठ..."

"घ्या ताई, गोड आहेत," गाडीवाला म्हणाला. लोक बघत होते. बघू देत. मी पुन्हा म्हटलं, "उजवा काठ..." आणि थांबले. ती माझ्या ओठांकडे एकटक बघत होती. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबले.

शेवटी तो शब्द मीच म्हटला.