न हुंगलेली जाई

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या शनिवारच्या बाजारात एक फ्रेंच म्हातारी जाईची फुलं विकते. तिचा मला अजून राग येतो.

पहिल्याच दिवशी तिने फुलांचा डबा माझ्या नाकाशी धरला. मी झटकन मान मागे घेतली. देवाला वाहायची फुलं आधी हुंगायची नसतात, हे तिला कसं कळणार? ती भडकली. “आमच्या ग्रासमध्ये वास न घेता फुलं मागणाऱ्याला हाकलून देतात!”

ग्रास म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं, समुद्राच्या वर डोंगरउतारावर वसलेलं गाव. तिथे पूर्वी चामडं कमवायचे. चामड्याच्या हातमोज्यांचा घाण वास जावा म्हणून त्यांना फुलांचा वास द्यायला लागले, आणि पुढे सगळं गाव अत्तरावरच जगलं. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते, बोटांनी हवेतच फुलं खुडत.

तिला शांत करायला मी म्हणाले, “किती सुंदर आहे तुमचं गाव! मागच्या समरला आम्ही तिथेच राहिलो, स्विमिंग पूलवाल्या व्हिलात.”

तिची बोटं थांबली. “त्या पूलच्या जागी जाईचं शेत होतं. तुम्हाला पोहायचं होतं ना!”

माझं डोकंच फिरलं. मी काय तिचं शेत बुजवलं? चार दिवस सुट्टीला गेले, हा माझा गुन्हा?

तणतणतच घरी आले. आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर मोठ्या अक्षरांत ‘ॲप्रिकॉट ऑर्चर्ड’ लिहिलंय. आत शिरलं की समोरच निळाशार पूल आहे. जर्दाळूचं झाड मात्र मी इथे एकही पाहिलेलं नाही.